घुम्या

होडीला साखळी लावायची ठरली त्या दिवशी घरात कुणी धड जेवलं नाही. आता ती होडी चोरणार तरी कोण? तळाला डांबराची ठिगळं, एका अंगाला कललेली, आत साचलेलं पाणी उपसायला कायमचा एक डबा पडलेला. साखळी चोरासाठी नव्हतीच. ती मामंजींसाठी होती.

लव्हाळ्याचे भारे जिथे उतरवत त्या काठावर सुनेच्या नवऱ्याने लोखंडी खुंटा ठोकायला घेतला. मामंजी घराच्या पायरीवर बसून बघत होते. घणाचा घाव पडला की त्यांची पापणी लवत होती.

"तिरपा बसतोय खुंटा," ते म्हणाले.

"बसू दे."

"तिरपा खुंटा दोनदा ओढला की निघतो."

"ओढणार कोण? तुम्हीच ना?"

सून दारात उभी राहून ऐकत होती. तिला हसावं की रडावं कळेना. म्हाताऱ्याला बांधायचा खुंटा, आणि म्हाताराच सांगतोय नीट ठोक म्हणून!

तसं नवऱ्याचंही काही चुकत नव्हतं. आठवड्यापूर्वी मामंजी पहाटे होडी घेऊन गेले ते संध्याकाळपर्यंत परतलेच नाहीत. ज्या दलदलीत त्यांचा जन्म गेला, जिथला प्रत्येक चर त्यांना डोळे मिटून ठाऊक, तिथे ते सापडले कुठे, तर घरापासून हाकेच्या अंतरावर, लव्हाळ्याच्या एका बेटाला होडी टेकवून, मांडीपर्यंत भिजलेले, ओठ निळे पडलेले. "घर कुठल्या अंगाला आहे तेवढं सांगा," असं त्यांनी स्वतःच्या मुलालाच विचारलं, तेही 'अहो' म्हणून. त्यानंतर ताप चढला. ताप उतरला, पण ते 'अहो' मुलाच्या मनातून काही उतरलं नाही. त्याआधीही बारीकसारीक चाललंच होतं. चहाचं आधण ठेवून विसरायचं, पायातली एक वहाण घालून दुसरी शोधत बसायचं, मेलेल्या सासूबाईंना आतून हाक मारायची. घरातली माणसं वयाच्या नावावर सोडून देत होती.

वस्तीत मामंजींना सगळे नेम्या म्हणत. कारण उघड होतं. उडत्या बदकाच्या कळपातून नेमका म्होरक्या खाली आणायचा तर यांनीच. जाडजूड बोटांचा, कमी बोलणारा माणूस. सून या घरात आली तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात तिने इतकी पिसं उपटली की तिच्या बोटांची सालं निघाली. दिवसा लव्हाळं कापायचं, सोलायचं, वाळवायचं, चटया विणायच्या, आणि हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरले की पुरुषांनी शिकारीला जायचं, अशी वस्तीची रीत. शिकार हे काही पोट भरायचं साधन नव्हतं, पण पुरुषांचा जीव त्यातच. चटईचं काम करताना वाकलेली पाठ बंदूक खांद्याला लावली की सरळ व्हायची.

मग पाणथळीत शिकार बंद झाली. वनखात्याचा माणूस आला, कागद वाचून दाखवला, बंदुका पोत्यात भरून घेऊन गेला. त्या दिवशी मामंजी, न्हावी आणि सायकलवाला हे तिघे जुने शिकारी सायकलच्या दुकानासमोर, घरातलं कुणी गेल्यासारखे बसून होते. खात्याच्या माणसाला बहुतेक कीव आली असावी. पुढच्या खेपेला त्याने एक जुनी दुर्बीण आणून दिली. म्हणाला, "काका, मारायचं नाही, पण बघायला कुणाची ना आहे? छंद म्हणून बघत जा."

"नुसतं बघायचं?" न्हावी म्हणाला होता. "जेवणाचा वास घेऊन पाटावरून उठायचं म्हणा की!"

हसले सगळे, पण गेले. सवयच होती पहाटे उठायची, घरी बसून करणार काय? एक दुर्बीण तिघांत. आधी त्यावरून भांडणं. मग हळूहळू त्यांना गोडी लागली. ज्या पक्ष्याला आजवर 'जाडा', 'बारका', 'चवीला कडू' एवढंच म्हणत आले होते, त्याच्या भुवईवर पांढरी रेघ असते हे सायकलवाल्याला साठी उलटल्यावर कळलं आणि तो दिवसभर गिऱ्हाइकांना सांगत सुटला. वस्तीने टिंगल केली. बायका म्हणाल्या, म्हातारे आता पक्ष्यांच्या पोरी बघायला जातात. पण तिघांनी मनावर घेतलं नाही.

एक गोष्ट मात्र त्यांनी जुनीच ठेवली. शिकारीत कायदा असा होता, की पक्षी हातात आला तर आला. लव्हाळ्यात पडला, सापडला नाही, तर तो पडलाच नाही. 'मी पाडला होता' म्हणणाऱ्याला सगळे हसत. आता हातात घ्यायचा प्रश्न नव्हता, म्हणून त्यांनी कायदा थोडा वळवला. एकाने पक्षी दाखवायचा आणि दुसऱ्याने बघून 'आहे' म्हणायचं. दुसऱ्याचं 'आहे' आलं की पाहिला. नाही आलं तर नाही पाहिला, मग तुम्ही कितीही शपथा घ्या. आणि कायदा म्हणजे कायदा. न्हाव्याने एकदा एकट्याने गरुड पाहिला, तो त्याला आजतागायत कुणी मान्य केला नव्हता.

अशात मामंजींनी घुम्या पाहिला.

घुम्या हा पक्षी वस्तीच्या आठवणीतून जवळजवळ गेलेला. मोठ्या बेटातलं लव्हाळं कापून वीटभट्टीवाल्यांनी तिथे भर घातली, तेव्हापासून तो कुणाला दिसलाच नव्हता. अंगावर वाळक्या गवताचे पट्टे. माणसाची चाहूल लागली की मान सरळ वर करून लव्हाळ्यात असा उभा राहतो की लव्हाळंच वाटावं. वारा आला तर तोही लव्हाळ्याबरोबर डुलतो, इतका पक्का. कधी आवाज काढलाच तर रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखा घुमणारा, म्हणून घुम्या. सासूबाई म्हणे नवऱ्यालाच घुम्या म्हणायच्या. दिवसदिवस बोलायचे नाहीत म्हणून.

"पंपाचा आवाज असेल भट्टीवरच्या," न्हावी म्हणाला.

"पंपाला चोच असते का? मी बघितलाय."

"कुठे? दाखव."

तिघे गेले. मामंजींनी बोट दाखवलं. न्हाव्याने दुर्बिणीतून बघितलं, सायकलवाल्याने बघितलं. लव्हाळं. पुन्हा बघितलं. लव्हाळंच. दोनतीनदा असं झालं. मग ते मामंजींसमोर काही बोलेनात, आणि हे न बोलणंच मामंजींना जास्त लागलं. सायकलवाल्याने एकदा हळूच सुनेला बाजूला घेऊन सांगितलं, "पोरी, नेम्याला जरा जप. त्याला हल्ली नसलेलं दिसतंय."

हे नवऱ्याच्या कानावर गेलं, वर तो हरवण्याचा प्रकार झाला, आणि साखळी आली.

त्या रात्री जेवताना मामंजी ताटावरून न उठता म्हणाले, "मी वेडा झालोय असं वाटतं का तुला?"

"तसं कोण म्हणतंय, बाबा?"

"साखळी म्हणतेय."

नवऱ्याने घास खाली ठेवला. तो मुळात वाईट माणूस नव्हता. बापाला शोधताना लव्हाळ्यात मारलेल्या हाकांनी त्याचा घसा अजून बसलेला होता. "हे बघा," तो म्हणाला, "तुमचाच कायदा आहे ना? कुणीही एकाने तुमचा तो घुम्या बघून 'आहे' म्हणू दे. मी साखळी काढून भट्टीत टाकतो. तुम्ही कुठेही जा, कधीही जा, मी चकार शब्द काढणार नाही. पण तोवर एकट्याने पाण्यावर जायचं नाही."

"आणि कुणी म्हटलंच नाही तर?"

"तर होडी बांधलेलीच राहील, बाबा. कायमची."

मामंजींनी मान हलवली. सौदा त्यांना पटलेला दिसला. सुनेला मात्र तो पटला नव्हता. या माणसाकडून पाणी काढून घेतलं तर मागे उरेल काय, हे तिला दिसत होतं. पायरीवर बसलेला एक म्हातारा, आणि त्याच्या समोरून जाणारे दिवस. तिचे स्वतःचे वडील असेच अंथरुणाला खिळून गेले होते, भिंतीकडे तोंड करून.

दिवस उन्हाचे होते आणि पाणी रोज मागे सरत होतं. सकाळी काठावर ओली असलेली माती संध्याकाळपर्यंत भेगाळायची. भट्टीचा पंप दिवसभर चालू. जवळचं लव्हाळं पिवळं पडून ठिसूळ झालं, चटईला कामाचं राहिलं नाही, म्हणून कापणीला आत, मोठ्या बेटाच्या उरलेल्या तुकड्यापर्यंत जावं लागे. कुलूप उघडायची किल्ली नवरा सुनेजवळ देई. तो भट्टीवर गाडे ओढायला जाई, आणि ती मामंजींना बरोबर घेऊन कापणीला.

काम जीव काढणारं. कमरेभर पाण्यात उभं राहायचं, डाव्या हाताने लव्हाळ्याची मूठ धरायची, उजव्या हाताने विळा पाण्याखाली नेऊन मुळाशी ओढायचा. पात्यांच्या कडांनी मनगटापासून कोपरापर्यंत बारीक चिरा पडत आणि घाम लागला की त्या चुरचुरत. पिंढऱ्यांना जळवा. मामंजी होडीत बसून भारे बांधायचे. गाठ मारताना त्यांची बोटं अजून चुकत नव्हती. पण मधूनच दोरी हातात तशीच राहायची आणि ते कान देऊन बसायचे.

"ऐकलंस?"

ती विळा थांबवून ऐकायची. लांबून पंपाचा धपधप आवाज यायचा. त्याच्या खाली दुसरं काही होतं का? कधी वाटायचं, होतं. कधी वाटायचं, आपल्याला वाटावंसं वाटतंय म्हणून वाटतंय.

"पाणी आटलं की जाईल तो," मामंजी म्हणायचे. "पाय बुडेल एवढं पाणी नसेल तर राहत नाही. फार दिवस नाहीत आता."

एके दिवशी दुपारी त्यांनी बांबू टेकून होडी आवाज न करता वळवली, तिचा खांदा दाबून तिला खाली बसवलं आणि ओठ न हलवता म्हणाले, "समोर. मोडलेल्या पात्याच्या डावीकडे. मान वर करून उभा आहे. बघ."

तिने बघितलं. मोडलेलं पातं दिसलं. त्याच्या डावीकडे लव्हाळं, त्यामागे लव्हाळं, ऊन, पाण्याची तिरीप, आणि पुन्हा लव्हाळं. तिने डोळे ताणले, इतके की पाणी आलं. एक पट्टा जरा जाड वाटला. मग तोही पात्याचीच सावली निघाली. मामंजींचा श्वास तिच्या कानाशी अडकून राहिला होता. या माणसाने आजवर तिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, पाण्याचा तांब्यासुद्धा.

"आहे," ती म्हणाली.

मामंजींनी श्वास सोडला. त्यांचा सगळा चेहरा सैल झाला. "आहे ना? आहे ना, पोरी?"

"आहे हो. किती छान आहे."

"कुठे बघतोय सांग. तोंड कुठे आहे त्याचं?"

तिने अंदाजाने बोट केलं. "तिकडे," ती म्हणाली, "उजवीकडे. भट्टीकडे."

मामंजींनी तिच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. "तो आपल्याकडे बघतोय," ते म्हणाले. "चोच आभाळाला, आणि डोळे खाली फिरवून सरळ आपल्याकडे. दिसला असता तर तेच पहिलं सांगितलं असतंस."

तिला इतकी लाज वाटली की मान वर करवेना. "मामंजी, मी घरी सांगते ना, दिसला म्हणून. माझं 'आहे' चालेल. ह्यांनी कुणाचंही चालेल असं म्हटलंय."

"खोटं 'आहे' घेऊन काय करू?"

"साखळी तरी निघेल!"

"साखळी निघेल. मग मी बरोबर बघतोय की खोटं, हे मला कोण सांगेल?" आणि मग अगदी हळू, पाण्याकडे बघत ते म्हणाले, "मला पण कधी कधी वाटतं गं, की नसेल तो."

आजवर घरातल्या सगळ्यांना वाटत होतं की म्हाताऱ्याला काही कळत नाही. त्याला सगळं कळत होतं. स्वतःचं डोकं वाळूसारखं निसटतंय हे त्याला आपल्या सगळ्यांच्या आधी कळलं होतं, आणि म्हणून तो त्या पक्ष्याला इतका धरून होता. पक्षी असेल तर त्याचं डोकं शाबूत होतं.

परतताना भाऱ्यांनी होडी जड झाली होती, ऊन डोक्यात गेलं होतं, दंडाच्या चिरा पेटल्या होत्या. मामंजी पुन्हा म्हणाले, "उद्या सकाळच्या उजेडात दाखवतो तुला. सकाळी पट्टे उठून दिसतात." आणि ती, स्वतःच्याच खोटेपणावर चिडलेली, करवादून बोलून गेली, "राहू द्या हो मामंजी आता! हातात आणून ठेवलात तरच विश्वास बसायचा सगळ्यांचा!"

बोलली आणि विसरून गेली. असं माणूस दिवसातून कितीदा बोलतं.

दुसऱ्या दिवशी सुनेला लव्हाळं सोलायचं होतं, म्हणून कापणीला जायचं नव्हतं. उठून बघते तो मामंजींची खाट रिकामी. ती धावत काठावर गेली. होडी साखळीला होती, कुलूप तसंच. काठाच्या चिखलात मात्र पावलं होती, आत जाणारी. पाणी इतकं उतरलं होतं की आता होडीवाचूनही जाता येत होतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तिने भट्टीवर निरोप पाठवला. सायकलवाला आणि न्हावी धावत आले. तिघांनी काठाकाठाने हाका मारल्या. न्हावी गुडघाभर चिखलात रुतला, त्याला ओढून काढावं लागलं. ऊन चढत गेलं. सून मनात एकच म्हणत होती, कुठेही बसलेले असू देत, काहीही विसरलेले असू देत, मला 'अहो' म्हणू देत, पण असू देत.

आणि मग लव्हाळं हललं आणि मामंजी बाहेर आले.

छातीपर्यंत चिखल. गालावर, कपाळावर पात्यांच्या चिरा, त्यांतून रक्त येऊन सुकलेलं. अंगात नुसता बनियन. सदरा काढून त्याची मोट केली होती आणि ती दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, तान्हं मूल धरावं तशी. चेहऱ्यावर हसू होतं. लग्न होऊन आल्यापासून तिने त्यांना असं दात दिसेपर्यंत हसताना बघितलं नव्हतं.

"या, या! सगळेच आहात, बरं झालं." ते पायरीपाशी येऊन खाली बसले. "घोड्याच्या केसांचा जुना फासा होता. रात्रीच विणून धड केला. त्याच्या वाटेवर लावला आणि बसलो पाण्यात. पहाटे आला. पायच अडकला नुसता, काही लागलं नाही त्याला. बघा आता. हळू हं. घाबरलाय तो."

त्यांनी सदरा उलगडला.

घुम्याच होता. वाळक्या गवताच्या रंगाचा, गळ्याखाली उभे तपकिरी पट्टे, हिरवट लांब पाय, बोटं माणसाच्या करंगळीएवढी. न्हाव्याने तोंडावर हात ठेवला. सायकलवाला खाली बसला, पिसांवरून हात फिरवत तो मानेपर्यंत गेला, आणि चटका बसल्यासारखा हात त्याने मागे घेतला.

मान मोडलेली होती. डोक्याच्या जरा खाली, शिकारी मोडतात तिथेच, स्वच्छ. तिघा शिकाऱ्यांची ती पद्धत सुनेने शंभरदा बघितली होती. पक्षी हातात आला की त्याला तडफडू द्यायचं नाही. दोन बोटं मानेखाली, अंगठा वर, एक हलकी मुरड, आणि पिशवीत. मामंजी तर दुसऱ्याशी बोलता बोलता, खाली न बघता करायचे ते. हाताला सवय. आजही हाताने ते केलं होतं, आणि हाताने मामंजींना सांगितलं नव्हतं.

"डोळा बघा कसा पिवळाधम्मक," मामंजी म्हणाले. "मिटून घेतलाय आत्ता. उघडेल. काय रे न्हाव्या? आता बोल की."

न्हाव्याने सुनेकडे बघितलं, सुनेने त्याच्याकडे. मग तो मोठा माणूस भर उन्हात ओक्साबोक्शी रडायला लागला. "आहे," तो म्हणाला. "आहे रे नेम्या. आहे."

"रडतोस काय, बायल्या?" मामंजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "तुझा तो गरुडपण मान्य करतो, जा!"

सायकलवाला उठला आणि न्हाव्याला दंडाला धरून घेऊन गेला. तेवढ्यात भट्टीवरून नवरा पळत आला, विटांच्या धुळीने लालभडक, छाती धपापत. त्याने आधी बापाला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग सदऱ्यात बघितलं. एका नजरेत त्याला सगळं कळलं. शिकाऱ्याचाच मुलगा तो. त्याने तोंड उघडलं. सुनेने मान हलवली, नको. त्याने तोंड मिटलं.

"शब्द दिला होतास," मामंजी म्हणाले.

"हो, बाबा."

"मग काढ साखळी. याला परत सोडून येतो. उन्हात फार वेळ ठेवायला नको, जीव केवढासा असतो त्यांचा."

नवऱ्याने सुनेकडून किल्ली घेतली आणि कुलूप काढलं. साखळी ओढून त्याने चिखलात टाकली. मग बायकोला म्हणाला, "तू जा बरोबर." आणि लगेच घरात निघून गेला. आत काहीतरी जमिनीवर आपटल्याचा आवाज आला.

होडीत मामंजी बांबू मारत होते आणि सून समोर बसली होती, मांडीवर ती मोट. "सैल धर," ते दर थोड्या वेळाने सांगत. "दम कोंडेल." ती सैल धरत होती. मोट गरम होती, पण उन्हाने. सांगावं का? कसं सांगावं? मामंजी, तुम्ही खरं बघत होतात, आणि तुम्हीच... तिची जीभ रेटेना. तिला आपलंच कालचं वाक्य आठवलं.

मोठ्या बेटाशी त्यांनी होडी थांबवली, पाण्यात उतरले आणि हात पुढे केले. तिने मोट दिली. त्यांनी पक्षी बाहेर काढून लव्हाळ्याच्या दोन दाट जुड्यांमध्ये उभा ठेवला, पाय नीट खाली लावले, आणि दोन पावलं मागे सरले.

"जा," ते म्हणाले.

पक्षी एका बाजूला कलला आणि पाण्यात आडवा झाला.

"दमलाय," मामंजी म्हणाले. त्यांनी तो उचलला, पुन्हा उभा केला. पुन्हा तो कलला. तिसऱ्यांदा त्यांनी मानेला हाताचा आधार दिला, आणि मान त्यांच्या बोटांवरून भलत्याच बाजूला लवंडली. ते थांबले. बोटांनी हळूहळू चाचपत ते मानेवरून वर गेले, त्या जागी पोचले आणि तिथेच राहिले. लांबचा पंप तेवढा धपधपत होता. सून होडीची कड घट्ट धरून बसली होती. त्यांनी मग आपला उजवा हात पाण्यातून वर काढला आणि तळहात, बोटं, अंगठा, उलटसुलट करून बघितलं. दुसऱ्या कुणाचा हात असावा तसं.

"मीच ना?" त्यांनी विचारलं.

तिला खोटं बोलवेना. एकदा बोलून झालं होतं. "हो, मामंजी."

"आठवत नाही गं."

ती पाण्यात उतरली आणि त्यांच्याजवळ गेली. ते रडले नाहीत. पक्ष्याला त्यांनी लव्हाळ्याच्या आत, पाण्याच्या वर राहील असा ठेवला, वरून चार पाती वाकवून घातली आणि त्यांची गाठ मारली. ती गाठ मात्र पहिल्याच फटक्यात बसली. मग ते होडीत चढून ती जिथे बसली होती तिथे, पुढच्या बाजूला बसले. बांबू त्यांनी घेतला नाही. तिने घेतला. तिला नीट येत नव्हतं, होडी दोनदा वेडीवाकडी जाऊन लव्हाळ्यात घुसली, पण मामंजींनी मागे वळून काही सांगितलं नाही.

काठ आला. नवरा दारात उभा होता, पुढे आला नाही. मामंजी उतरले, खाली वाकले, चिखलात पडलेलं साखळीचं टोक उचललं, धोतराच्या सोग्याने पुसलं आणि तिच्या हातात दिलं.

"तू लाव," ते म्हणाले. "त्याने लावली की मला राग येतो."

तिने साखळी होडीच्या कड्यातून ओवली आणि कुलूप दाबलं. मामंजींनी वाकून ते ओढून बघितलं, मग हात धुवायला घराच्या मागच्या बाजूला गेले.